स्ट्रॉबेरी क्रम्बल बार: सगळा हिशेब पाण्याचा

स्ट्रॉबेरीच्या १०० ग्रॅम वजनात ९० ग्रॅमच्या आसपास पाणीच असतं. नुसती खाताना त्याचं काही वाटत नाही. पण तीच स्ट्रॉबेरी मैदा-बटरच्या थरावर पसरून ओव्हनमध्ये घातली की ते पाणी वाट शोधायला लागतं. थोडं वर चढून चुरा ओला करतं, बरंचसं खाली उतरून तळ गिच्च करतं. यंदाच्या हंगामात आम्ही हा बार लागोपाठ आठ वेळा केला आणि दर खेपेला एकच गोष्ट बदलली. पिठाचं प्रमाण, साखरेचा प्रकार, ओट्स, भांडं यांनी फरक पडला, पण थोडाच. पाणी कुठे आणि कधी काढलं, यावर मात्र बार जमणं-न जमणं ठरलं.

पदार्थ साधा आहे. खाली बिस्किटासारखा थर, मध्ये आटवलेलं फळ, वर खुसखुशीत चुरा. तळ आणि चुरा एकाच पिठाचा, त्यामुळे काम अर्धं. अंडं लागत नाही. क्रम्बल मूळ इंग्लंडचं. दुसऱ्या महायुद्धात बटर-साखर रेशनवर मिळू लागली, तेव्हा ‘पाय’ची, म्हणजे पारीत फळ भरून भाजायच्या पदार्थाची, पूर्ण पारी लाटण्याऐवजी फळावर नुसता चुरा भुरभुरून भागवायची रीत तिथे घरोघर रुजली. जर्मनीतला श्ट्रॉयझेल त्याचाच भाऊबंद, आणि त्या नावाचा अर्थही ‘भुरभुरलेलं’ असाच. बार म्हणजे तेच सगळं चौकोनी ट्रेमध्ये बसवून हातात धरून खाता येईल असं केलेलं.

२० सेंटिमीटर म्हणजे ८ इंची चौकोनी ट्रेसाठी आम्ही ठरवलेली मापं अशी. पिठासाठी मैदा २१० ग्रॅम, साधे रोल्ड ओट्स ६० ग्रॅम, साखर १०० ग्रॅम, बिनमिठाचं गार बटर १५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा. फळासाठी स्ट्रॉबेरी ५०० ग्रॅम, म्हणजे देठ काढून साधारण ४५०. साखर ७० ते १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर १६ ग्रॅम म्हणजे दोन मोठे चमचे सपाट, लिंबाचा रस १ मोठा चमचा. यातून ५ सेंटिमीटरचे १६ तुकडे होतात.

वजनकाटा नसेल तर कपाने चालेल, पण कप भरण्याची पद्धत जपा. मैदा चमच्याने हलकेच कपात घालून वरून सुरीने सपाट केला तर एका कपात १२० ग्रॅमच्या आसपास बसतो. डब्यातच कप बुडवून दाबून भरला तर १४०-१५० सहज. दोन कपांत ५० ग्रॅमचा फरक पडला की चुरा कोरडा, वाळूसारखा होतो आणि खापर बटरवर फुटतं. अमेरिकन कृती वाचत असाल तर आणखी दोन गोष्टी: तिथली बटरची एक ‘स्टिक’ म्हणजे ११३ ग्रॅम, आणि ३५० फॅरनहाइट म्हणजे आपले १७५ ते १८० सेल्सियस. आपल्याकडे कॉर्नफ्लोअर म्हणून जी पांढरीशुभ्र पावडर मिळते तो मक्याचा स्टार्च. मक्याचं पिवळं पीठ घातलं तर रस आळत नाही, नुसता पिठूळ लागतो.

आता फळ. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घेताना बारसाठी देखण्या, मोठ्या फळांच्या मागे लागायचं कारण नाही. हंगामाच्या शेवटी येणारी लहान, गडद लाल, जरा मऊ पडलेली फळं इथे उत्तम. फक्त आंबूस वास येणारी आणि बुरशी धरलेली काढून टाका. धुवायची ती देठासकट. देठ काढून धुतली की त्या खळग्यातून पाणी आत शिरतं, आणि आपण तर पाणी काढायला बसलोय. धुऊन फडक्यावर पसरून कोरडी करा, मग देठ काढून चार-चार फोडी करा. एक फोड चाखून साखर ठरवा: गोड फळाला ७० ग्रॅम, आंबट असेल तर १०० पर्यंत.

पहिल्या दोन खेपांना कच्च्या फोडी, साखर आणि कॉर्नफ्लोअर एकत्र करून सरळ तळावर ओतलं होतं. बऱ्याच कृतींत तसंच दिलेलं असतं. दोन्ही वेळा वरचा चुरा छान सोनेरी झाला आणि तळ शिऱ्यासारखा. ओव्हनमध्ये ३५ मिनिटांत एवढं पाणी उडून जात नाही, कारण वर चुऱ्याचं झाकण असतं. शिवाय मधला भाग उशिरा तापतो. तिथे रस नीट रटरटला नाही तर कॉर्नफ्लोअर पुरतं फुगत नाही, आणि बार कापला की पांढुरका पातळ रस वाहतो. त्यामुळे फळ आधी गॅसवर आटवून घेणं, निदान स्ट्रॉबेरीसाठी, आम्ही सक्तीचं धरतो.

आटवायची आम्हाला पटलेली रीत अशी. फोडींवर साखर घालून तासभर ठेवा. साखर फळातला रस ओढून बाहेर काढते आणि तळाशी लालभडक पाणी जमतं. ते गाळून घ्या आणि रुंद कढईत किंवा पॅनमध्ये आधी एकटा रसच मोठ्या आचेवर निम्मा होईपर्यंत उकळा. मग फोडी घाला आणि मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा. रस आणि फोडी एकदमच चढवल्या तर रस आटेपर्यंत फोडींचा पार लगदा होतो. असं वेगळं केलं की फोडी अर्ध्यामुर्ध्या शाबूत राहतात. वर येणारा गुलाबी फेस चमच्याने काढून टाका. स्टीलची किंवा नॉनस्टिक कढई घ्या. साध्या ॲल्युमिनियमच्या आणि लोखंडी भांड्यात आंबट फळ नको, चव आणि रंग दोन्ही जातात.

किती आटलं हे डोळ्यांनी ठरवू नका, वजन करा. रिकाम्या कढईचं वजन आधी लिहून ठेवा. ४५० ग्रॅम फळ आणि ९० ग्रॅम साखर म्हणजे सुरुवात ५४० ग्रॅमची. कढईसकट वजन करून आतलं ३५० पर्यंत आलं की कॉर्नफ्लोअर दोन मोठे चमचे गार पाण्यात कालवून धार धरा आणि सतत हलवत राहा. मिश्रण जाड होईल, मधूनमधून फसफस करत बुडबुडे फुटतील. तिथपासून पूर्ण एक मिनिट मोजा. त्याआधी उतरवलं तर कच्च्या पिठाची चव राहते. चार-पाच मिनिटं रटारटा उकळत ठेवलं तर आळलेलं पुन्हा सैल पडतं. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर, कारण आंबटपणात जास्त वेळ शिजलं की कॉर्नफ्लोअरची पकड ढिली होते. शेवटी साधारण ४०० ग्रॅम भरतं. काटा नसेल तर गार ताटलीत थेंब टाकून त्यातून बोट फिरवा. रेघ तशीच राहिली, दोन्ही बाजूंनी रस येऊन मिटली नाही, म्हणजे झालं. मग पसरट ताटात काढून पूर्ण गार करा. हे आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशीचं काम तासाभरावर येतं.

पिठाकडे वळू. हे ज्यांनी शंकरपाळ्यांचं मोहन चोळलंय त्यांना वेगळं शिकवायला नको. फरक इतकाच की इथे मोहन गरम नाही, गार. परातीत मैदा, ओट्स, साखर, मीठ, बेकिंग पावडर एकत्र करा. फ्रिजमधून काढलेलं बटर जाड किसणीवर सरळ पिठात किसा, मधूनमधून त्याला पीठ लावत. मग बोटांच्या टोकांनी चोळा. तळवा वापरू नका, तळव्याच्या उबेने बटर वितळतं. मार्च-एप्रिलच्या उकाड्यात मैदाच अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून घ्यावा. झालं का हे बघायची खूण तीच जुनी: मूठभर पीठ दाबलं की मुटका वळला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की फुटला पाहिजे. मुटका वळतच नसेल तर बटर कमी पडलं किंवा मैदा दाबून भरला गेला; एक मोठा चमचा बटर आणखी चोळा, दूध-पाणी घालू नका. मुटका फुटतच नसेल, कणकेसारखा झाला असेल, तर बटर वितळलंय. परात वीस मिनिटं फ्रिजमध्ये.

वितळलेल्या बटरनेही चुरा होतो, आणि पटकन होतो. एका खेपेला तसं केलं. गुठळ्या छान पडल्या, पण भाजल्यावर जरा कडक, दगडी. तळाला चालतो, वरती आम्हाला गारच आवडला.

साखर घरातली जाड दाण्याची असेल तर मिक्सरमध्ये एकदाच फिरवून घ्या. अगदी पिठीसाखर नको. तिने चुरा नानकटाईसारखा भुसभुशीत होतो, कुरकुरीत नाही. निम्मी साखर काढून गुळाची पावडर घातली तर चवीला खमंग, रंगाला सुंदर. पण गूळ हवेतली ओल ओढतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चुरा मऊ पडतो. त्याच दिवशी संपणार असेल तरच गूळ. ओट्स नसतील तर पातळ पोहे कोरडे भाजून, हाताने चुरून तेवढ्याच वजनाचे घाला, कुरकुरीतपणात ते ओट्सच्या पुढे जातात. मैद्यातले ५० ग्रॅम काढून नाचणीचं किंवा ज्वारीचं पीठ चालतं. त्यापेक्षा जास्त नको, चिकटपणा नसल्याने कापताना तळ मोडतो. सगळी कणीकच वापरायची असेल तर बटर १० ग्रॅम वाढवा आणि जरा घट्ट बार पसंत करून घ्या.

ट्रेला कागद लावायचाच. दुकानात ‘बटर पेपर’ म्हणून मिळणारा पातळ कागद पुष्कळदा नुसता तेलकट वेष्टनाचा असतो, तो चिकटतो. ‘बेकिंग पेपर’ किंवा पार्चमेंट असं लिहिलेला घ्या. दोन बाजूंनी तीन-तीन बोटं बाहेर राहील एवढा लांब कापा. पुढे त्या कानांना धरूनच सगळा बार उचलायचा आहे.

एकूण पीठ ५२० ग्रॅमच्या आसपास होतं. त्यातलं ३४० ग्रॅम, म्हणजे दोन तृतीयांश, तळाला, बाकीचं फ्रिजमध्ये. तळाचं पीठ ट्रेमध्ये पसरून सपाट बुडाच्या वाटीने दाबा. कोपऱ्यांकडे लक्ष द्या, तिथे जाड आणि मध्ये पातळ असंच नेहमी होतं. एकसंध दिसेल इतपतच दाबा, ठोकून बसवलं तर भाजल्यावर चावत नाही. काट्याने टोचे मारा आणि तळ एकटाच आधी भाजा. १८० अंशांवर, १५ मिनिटं आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये, १५ ते १८ मिनिटं. कडांना फिकट बदामी रंग येईपर्यंत. यात तळातलं स्वतःचं पाणी उडतं आणि वरून येणाऱ्या रसाला तो लगेच शरण जात नाही. ही पायरी गाळून पाहिली, तर फळ नीट आटवलेलं असूनही तळ ओलसर राहिला. दोन्ही पायऱ्या पाळल्यावर मात्र एकदाही बिघडला नाही.

ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, असेल तर दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्यापेक्षा एक घर खाली. आमचा २८ लिटरचा आहे. त्यात ट्रेच्या चारी बाजूंनी निदान तीन बोटं मोकळी राहतात. भिंतीला टेकलेली बाजू आधी करपते. पंखा चालू असेल तर तापमान १५-२० अंश कमी. काचेच्या भांड्यात उष्णता सावकाश चढते आणि बाहेर काढल्यावरही टिकते, म्हणून तळाला चार-पाच मिनिटं जास्त द्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हवाल्यांची अडचण वेगळी: बहुतेकांत खाली कॉइल नसते, तळ पांढराच राहतो. तिथे धातूचा ट्रे, खुजी जाळी आणि तळ एकटा भाजताना २२ ते २५ मिनिटं. मायक्रोवेव्ह चालू नसलेल्या, निव्वळ कन्व्हेक्शन मोडवरच हे करायचं, कॉम्बिनेशनवर नाही. ओव्हनच्या बटणावरचे १८० अंश आतही १८० असतीलच असं नाही. थर्मामीटर ठेवला तेव्हा आमच्याकडे २० अंशांचा फरक निघाला. दोन-तीनशे रुपयांत मिळणारी ती तबकडी कुठल्याही बेकिंग पुस्तकापेक्षा जास्त कामाची.

भाजलेल्या तळावर एक मोठा चमचा टोस्टचा बारीक चुरा भुरभुरा, तोच आपला चहाबरोबर खायचा टोस्ट. उरलासुरला रस तो टिपून घेतो. आता गार झालेलं फळ पसरा. कडेला अर्ध्या बोटाची जागा सोडा, कारण ट्रेच्या भिंतीला लागलेल्या रसातली साखर जळून चिकट काळी पट्टी तयार होते. फळ गरम असेल तर घाई नको. वरच्या चुऱ्यातलं बटर ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळून तो चपटा होतो.

वरचं पीठ फ्रिजमधून काढून मुठीत दाबून मुटके वळा आणि फोडून टाका. काही गुठळ्या बोराएवढ्या, बऱ्याचशा हरभऱ्याएवढ्या, थोडा भुगा. सगळा भुगाच टाकला तर तो फळात बुडतो आणि ओव्हनमधून पिठूळ थर बाहेर येतो. सगळ्या गुठळ्याच टाकल्या तर मध्ये लाल भोकं राहतात. दिसतात छान, पण कापताना गुठळ्या घरंगळतात. वरून दाबू नका.

पुन्हा १८० अंशांवर ३२ ते ३८ मिनिटं. घड्याळापेक्षा कडेचा रस बघा. चुऱ्यातून संथ, जाड बुडबुडे यायला हवेत. पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे म्हणजे अजून पाणी आहे, पाच मिनिटं आणखी. वरून लवकर तांबूस झालं तर फॉइल अलगद ठेवा, घट्ट लावू नका, वाफ कोंडते. वर फिकट राहिलं तर शेवटची तीन मिनिटं फक्त वरची कॉइल, आणि तेवढा वेळ ओव्हनसमोरून हलायचं नाही.

यानंतरचे साडेतीन तास सगळ्यात कठीण. घरभर वास सुटलेला असतो आणि बार कापायचा नसतो. गरम असताना बटर पातळ असतं आणि कॉर्नफ्लोअरनेही पकड घेतलेली नसते. तेव्हा कापलं तर चमच्याने खायचं क्रम्बल मिळतं, बार नाही. तसं हवं असेल तर वाटीत घेऊन वर आइस्क्रीमचा गोळा टाका, काही बिघडत नाही. बार हवा असेल तर ट्रेसकट जाळीवर दोन तास, मग दीड तास फ्रिजमध्ये. कागदाचे कान धरून बाहेर काढा, लांब पात्याच्या सुरीने वरून खाली एका दाबात कापा. करवतीसारखी मागेपुढे केली की चुरा सुटतो. दर कापानंतर सुरी पुसा.

बटरबद्दल थोडं. पिवळं मीठवालं बटरच घरात असेल तर कृतीतलं मीठ पूर्ण वगळा. चव चालते, किंचित खारट झाक येते आणि स्ट्रॉबेरीला ती शोभतेही. घरचं लोणी वापरताना ताकाचा अंश जाईपर्यंत गार पाण्याने धुवा, दाबून पाणी काढा आणि मग १६० ग्रॅम तोला, कारण घरच्या लोण्यात पाणी जास्त असतं. साजूक तुपात पाणी नसतंच. बटरमध्ये ८० टक्क्यांच्या वर स्निग्धांश धरला तर १५० ग्रॅम बटरऐवजी १२५ ग्रॅम तूप पुरतं, तेही फ्रिजमध्ये थिजवून. मुटका वळत नसेल तर इथे मात्र एक मोठा चमचा गार दूध. तुपाचा बार नानकटाईच्या वळणावर जातो, वासही तसाच. स्ट्रॉबेरीशी तो वास भांडतो, आंब्याशी जमतो.

एप्रिल-मे मध्ये हाच तळ आणि हाच चुरा घेऊन हापूसचा करता येतो, पण गणित बदलतं. हापूसचा गर मुळातच दाट आणि आंबटपणा कमी. ३५० ग्रॅम गराला साखर ३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर एकच मोठा चमचा, लिंबाचा रस मात्र दीड चमचा, नाहीतर चव सपाट लागते. आटवायचा नाही, जाड होईपर्यंत चार-पाच मिनिटंच. जास्त शिजवला की ताज्या आंब्याचा वास जाऊन आंबापोळीचा येतो. हिमाचलच्या सफरचंदांना तर कॉर्नफ्लोअर अर्धा चमचाही पुरतं, कारण त्यांच्यात पेक्टिन, म्हणजे शिजल्यावर रस जेलीसारखा आळवणारा फळातलाच अंश, भरपूर. स्ट्रॉबेरीत ते कमी, म्हणूनच एवढी यातायात.

उरलेले बार पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलं की झाकणाला धरलेलं पाणी चुऱ्यावर ठिबकतं. थंडीत बाहेर दोन दिवस टिकतात, उन्हाळ्यात फ्रिजमध्ये चार-पाच. चुरा मऊ पडला तर ओटीजीत १६० अंशांवर सात-आठ मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर आणखी मऊ होतो. डीप फ्रीज करायचे असतील तर आधीच ठरवा, कारण कॉर्नफ्लोअरने आळवलेलं फळ गोठून पुन्हा वितळलं की पाणी सोडतं. तेव्हा कॉर्नफ्लोअरऐवजी साबुदाणा मिक्सरमध्ये अगदी बारीक दळून, चाळून, दीडपट वजनाने घ्या. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाचा स्टार्च, तो गोठवल्यावरही पकड सोडत नाही. फक्त चाळणी बारीक घ्या, नाहीतर एखादा न दळलेला दाणा घासात खिचडीची आठवण करून देतो.